हद्द आमच्या जेवणाच्या टेबलावरून जाते

मंगळवारी सकाळी मतदारसंघाची हद्द आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. बोटभर जाड, राखाडी, ओलसर. तिला खवट चरबीचा वास होता. माझा चहा अलीकडे राहिला, मृदुला आणि पोह्यांचं पातेलं पलीकडे.

"अहो, पुसून टाकू का?" मृदुलाने विचारलं. तिने फडकं लावलं. हद्दीने ते सावकाश आत ओढून घेतलं.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या गावात आम्ही एकोणतीस वर्षं राहतोय. हद्द नेहमी टपाल कचेरीमागून जायची. मी सीमा कार्यालयाला फोन केला. तिथले पिल्बीम आले, पायपुसण्याला बूट पुसले आणि हद्दीत करंगळी बुडवून चाटली.

"राणीच्या काळातली," ते म्हणाले. "खाली आणखी जुनी लागेल."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं.

पलीकडचा मतदारसंघ साल्टमेअर. पिल्बीमनी त्याचा इतिहास सांगितला. गाव फार पूर्वी समुद्रात गेलं. तरी तिथून दोन खासदार निवडून जात राहिले, कारण यादीत चार मतदार होते. मग मतदारसंघ रद्द झाला, परत आला, त्याला शेजारची गावं जोडली. चौघांची नावं कुणी खोडली नाहीत.

"दोन्हीकडे माणसं सारखी हवीत," ते म्हणाले. "साल्टमेअरला दीड कमी पडतंय."

"मग?"

"एक मिळाल्या." त्यांनी मृदुलाला मान लववली.

यादीतले ते चौघे मागच्या दाराने जेवायला आले. पांढरे, फुगलेले. एकाच्या कॉलरमध्ये शिंपले रुजले होते. त्यांनी पातेल्यात हात घातले. त्यांतल्या म्हाताऱ्याचा अंगठा पोह्यांत निसटला. मृदुलाने तो चमच्याने उचलला आणि कढीपत्ता काढावा तसा ताटाच्या कडेला ठेवला.

"मृदुला, ऊठ. इकडे ये."

"पाहुणे जेवतायत ना," ती म्हणाली. तिच्या नखांतून पाणी ठिबकत होतं. "तुम्हीच किती लांब बसलाय."

मी लांब बसलो नव्हतो. माझ्या पाठीला भिंत लागली होती. सकाळी ती चार हात मागे होती.

मी पावाची सुरी घेतली आणि हद्द कापली. आतून पिवळट चिकट द्रव आला, त्यात दात, लोकर, चघळलेल्या मतपत्रिका. कापलेली दोन टोकं हवेत चाचपडली आणि माझ्या मनगटाभोवती एक झाली. मग ती बाहीतून वर सरकली. कोमट होती. मी किंचाळलो तेव्हा पिल्बीमनी वहीत काहीतरी लिहिलं.

"अर्धेच घेतोय," ते म्हणाले. "उरलेले तुम्ही इकडचेच."

हद्द छातीच्या मधोमध चढली, हनुवटीवरून ओठांवर आली, कपाळाशी थांबली. मृदुलाने पलीकडून हात लांबवून पोह्यांचा घास माझ्या तोंडात डाव्या बाजूने भरवला. त्याला चिखलाची चव होती. जिभेच्या उजव्या बाजूला शिसारी आली. डाव्या बाजूने आणखी मागितलं.

"उमेदवार कोण आहे?" मी उरलेल्या ओठांनी विचारलं.

चौघांनी हात वर केले. मृदुलाने केला. माझा डावा हात टेबलावरून उठला, मी तो उजव्या हाताने खाली दाबत होतो, आणि पिल्बीम मोजू लागले.