इंजिन बाहेर आलंच आहे तर

गॅरेजमधलं एक वाक्य मेकॅनिकने म्हणायचं आणि गिऱ्हाइकाने धास्तावायचं, असा रिवाज आहे: "इंजिन बाहेर आलंच आहे, तर हेही करून घेऊ." माझ्याकडे मात्र ते गिऱ्हाईकच म्हणत होतं. गिऱ्हाईक म्हणजे माझी सख्खी आत्या. वय बहात्तर, निवृत्त व्यायामशिक्षिका, आणि पन्नास वर्षं जुन्या, लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची एकुलती एक मालकीण.

बेअरिंगं खडखडायला लागली म्हणून मी इंजिन उतरवलं. काम आठवड्याभराचं. ते झालं की गाडी एका दातांच्या डॉक्टरांना विकायची, असा आत्याने शब्द दिला होता, आणि आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कारण विचारलं तर म्हणाली, "तिच्यात दम नाही राहिला. मलाही कंटाळा आला."

कंटाळा आलेली बाई रोज दहाच्या ठोक्याला स्टूल घेऊन हजर! आधी पाण्याचा पंप बदलून घेतला. मग रबरी नळ्या. मग इंजिनखालचा पत्रा खरवडून रंगवायला लावला. तिसरा आठवडा उजाडला. डॉक्टर रोज फोन करायचे. त्यांना गाडी स्क्रूपासून मूळचीच हवी होती. जुने नटसुद्धा टाकू नका म्हणून बजावलं होतं.

"जीव अडकलाय तर विकतेस कशाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"तू पाना चालव, तोंड नको."

राहता राहिला क्लच. तो उघडला आणि मी जमिनीवरच बसले. आतली प्लेट करपलेल्या भांड्याच्या बुडासारखी काळी. पेडल कायम अर्धवटच दाबलं, तर प्लेट अशी जळते. आणि हीच आत्या मला गाडी शिकवताना पट्टीने गुडघ्यावर मारायची: "पूर्ण दाब, नाहीतर पायी जा!"

मग एकेक आठवत गेलं. स्टुलावर डावा पाय लांब करून बसणं. पायऱ्या तिरकं होऊन, एकेक करत चढणं. दम संपला होता तो गाडीचा नव्हे, तिच्या गुडघ्याचा. मला फार वाईट वाटलं, आणि सांगितलं नाही म्हणून रागही आला.

जुन्या क्लचच्या स्प्रिंगा इतक्या कडक होत्या की माझीही पोटरी थरथरायची. त्याच जागी बसणारा हलका क्लच मिळतो. इंजिन बाहेर आलंच आहे तर, असं पहिल्यांदाच मी स्वतःशी म्हटलं, तो मागवला आणि आत्या यायच्या आत बसवूनही टाकला.

शनिवारी सकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले. "शेवटची मीच सुरू करून देते," म्हणत आत्या आत बसली. तिने दाराची कड घट्ट धरली, दात आवळले आणि डावा पाय रेटला.

पेडल अलगद तळाला गेलं.

तिने खाली पाहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग माझ्याकडे पाहिलं. "काय केलंस?"

"हलका क्लच बसवला. मूळचा दुरुस्त करून खोक्यात ठेवलाय." हे मी डॉक्टरांकडे बघून, मोठ्याने सांगितलं. लपवाछपवी करायची नव्हती.

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. "मूळचाच बसवा परत."

"बसवते. पण इंजिन पुन्हा काढावं लागेल."

"आणि बाहेर आलंच आहे," आत्या आतून म्हणाली, "तर गिअरबॉक्सही उघडू. स्टीअरिंगचं तर अजून बघितलंच नाही."

डॉक्टर तिच्या पायाकडे बघत होते. तो अजून पेडलवरच होता. हसू दाबत ते म्हणाले, "बाई, तुमचा शब्द तुम्हाला परत. मी म्हातारा व्हायच्या आत मला दुसरी गाडी शोधू द्या."

ते गेल्यावर आत्याने पेडल आणखी एकदा दाबून पाहिलं. "सहा महिने झाले, गुडघा साथ देत नाही," ती म्हणाली. "वाटलं, संपलं आता." तिचे डोळे भरले, माझेही. मग तिने शेजारच्या सीटवर थाप मारली. "बस. आणि दार हळू लाव."

सिग्नलला गाडी न्यूट्रल करायची, क्लच दाबून बसायचं नाही, हे मला तिनेच शिकवलेलं. त्या दिवशी दिवा लाल होता तोवर ती क्लच तळापर्यंत दाबून बसली, आणि मी एक शब्द बोलले नाही.