वहीतल्या वेळा

लॅपटॉपचं नेट परत गेलं. पडद्यावरचे गुरुजी तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठले आणि सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली, त्यांना ती घरात बसून ऑनलाइन बोलायला शिकवायची. हे निवृत्त गुरुजी तीन महिने बायकोचं नाव घ्यायला झगडत होते. पहिलं अक्षर ओठांवर आलं की नेमकं नेट जायचं, आणि परत येईतो अक्षर पळालेलं असायचं. संस्थेच्या बाईंनी स्पष्टच बजावलं होतं, आठवड्यात हे नीट झालं नाही तर तुझे रुग्ण दुसऱ्या कुणाला देऊ.

तिने करायचं काय शिल्लक ठेवलं होतं? राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुसून नव्याने घातला, टेबल या भिंतीचं त्या भिंतीला नेलं. नेट आपल्याच तोऱ्यात. नवरा परगावी नोकरीला, घरात ती आणि सासरे. सासऱ्यांना विचारावं, तर "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सूनबाई," म्हणून ते मोकळे.

शेवटी फोनवरचा तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, अंदाजपंचे नको. कधी जातं, किती वेळ जातं, वहीत लिहून ठेवा."

तिने लिहिलं. सोमवारी चार वेळा. बुधवारी सात. शुक्रवारी अकरा, त्यातल्या सव्वाअकराच्या नोंदीपुढे चिडून, "मेलं परत गेलं!"

संध्याकाळी तिने वही वाचून दाखवली. तंत्रज्ञाने विचारलं,

"दर वेळी दोनच मिनिटं? घरात मायक्रोवेव्ह आहे का हो? तो चालू असला की जुन्या लॅपटॉपचं वायफाय गडबडतं."

"आहे, भिंतीपलीकडेच. पण सासूबाई गेल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही."

शनिवारी सकाळी नेट गेलं, तेव्हा ती लॅपटॉपशी झटापट न करता उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

सासरे मायक्रोवेव्हसमोर पाठमोरे, एका हाताने ओटा घट्ट धरून. आकडे उतरत होते. एक सेकंद उरला तसं त्यांनी झटकन दार उघडलं, म्हणजे घंटी वाजायलाच नको. आतून सासूबाईंनी शिवलेली, शेकायची तांदळाची पिशवी काढली, सदरा वर केला आणि ती बरगडीखाली दाबून धरली. तिथली कातडी शेकून शेकून काळवंडली होती. तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"बाबा!"

ते दचकले. "तू कशाला उठलीस? तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून तर मी घंटीसुद्धा वाजू देत नाही."

"कधीपासून दुखतंय?"

"काही नाही गं, जरा उसण भरलीय."

भिंतीच्या अलीकडे बसून आठवडाभर आपण कुणाला शिव्या घालत होतो, हे कळून तिला स्वतःची लाज वाटली. दुपारीच ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"दिवसातून किती वेळा दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"असंच, एखाद्या वेळी," सासरे म्हणाले.

तिने वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पानं उलटली. "चार, पाच, सात, नऊ, अकरा. इतकी चोख नोंद कुणी ठेवत नाही."

"मी लॅपटॉपची ठेवत होते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हुंदके आवरत तिने सगळं सांगितलं.

सासऱ्यांनी चष्मा लावून वही ओढून घेतली. सव्वाअकरावर त्यांचं बोट थांबलं.

"ही कळ फार वाईट होती," ते हळूच म्हणाले. पहिल्यांदाच. मग मान वर करून त्यांनी सुनेकडे पाहिलं. "त्या वेळी गुरुजी बोलत होते ना? भिंतीतून ऐकू यायचं मला. त्यांचं अक्षर मीच तोडलं की गं."

"गुरुजींचं मी बघते, बाबा." तिने डोळे पुसले. "आधी तुम्ही बोला."

डॉक्टरांनी पेन उचललं. "कधीपासून दुखतंय?" सासऱ्यांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले. ती वाट बघत राहिली, रोज बघायची तशी.

"वर्ष झालं," ते म्हणाले.