अपडेट बाकी

आमच्या घरात वेबसाइटला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. मला ताप आला तर हे म्हणतात, "गोळी घे." वेबसाइटवर लाल आकडा दिसला की मात्र ह्यांचा घास हातातच राहतो.

किहीमला आमच्या नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. त्यांची वेबसाइट आमच्या प्राप्तीने केली. लग्न होऊन ती नवी मुंबईत उलव्याला गेली आणि जाताना बापाला काम लावून गेली. वेबसाइटच्या आतल्या पानावर रोज नजर टाकायची. अपडेट बाकी असतील तर तिथे लाल गोलात आकडा येतो. तो आला की तिला फोन करायचा, आपल्या मनाने बटण दाबायचं नाही. एकदा ह्यांनी सगळी अपडेट एकदम दाबली होती, तर खोल्यांचे फोटो गायब झाले आणि बुकिंगचं पान उघडेना. तेव्हापासून आधी प्राप्ती तिकडून बॅकअप घेते, मग हे इकडून एकेक दाबतात.

आता प्राप्तीचे पप्पा, म्हणजे आमचे हरेश्वर, फोनवर गप्पा मारणारा माणूस नव्हे. लेकीचा फोन आला की "बरी हायस ना? घे, आईशी बोल," एवढं म्हणून निखारा हातात आल्यासारखा फोन माझ्याकडे. जीव सगळा तिच्यात, पण बोलायला विषय नको? तो अपडेटने दिला.

गंमत एका शब्दाने झाली. सुरुवातीला एकदा सगळं दाबून झाल्यावर ह्यांनी विचारलं, "बाकी?" म्हणजे अजून काही राहिलंय का. तिला वाटलं, पप्पा विचारतायत, बाकी काय चाललंय. ती सुटलीच! ऑफिसातली साहेबीण, सासूबाईंचे गुडघे, डब्यात रोज भेंडी. ह्यांना थांबवताही येईना. मुकाट्याने ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सासूला एरंडेल चोळून दे." फोन ठेवल्यावर चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या वेळेपासून "बाकी?" मुद्दाम विचारायला लागले. लबाड!

गणपतीत जावई आले. अल्पेशराव गुणी, पण नको तिथे हुशार. सासऱ्यांचा त्रास वाचावा म्हणून त्यांनी सेटिंगच बदललं. "पप्पा, आता टेन्शन न्हाय. सगळं आपोआप व्हईल."

"बेस झालं," हे म्हणाले. बेस कसलं डोंबल्याचं!

आकडा गेला तो गेलाच. हे सकाळी वाडीला पाणी सोडून पडवीत बसायचे, चष्मा लावून ते पान उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. प्राप्तीचा फोन आला की परत "घे, आईशी बोल." मला राग आला. जावयाचा नव्हे, ह्यांचा. म्हटलं, "लेकीला फोन करायला कारण कशाला लागतं हो?"

"कामात असंल ती," म्हणाले आणि झावळ्या ओढायला निघून गेले. फार वाईट वाटलं मला.

मग एका सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि ह्यांनी आपणहून फोन लावला. स्पीकरवर, नेहमीसारखा.

"प्राप्ती, अपडेट आलंय गो. एकच हाय, पण मोठं हाय."

मी मान वाकडी करून पान बघितलं. लाल गोलाचा पत्ता नव्हता. जन्मात खोटं न बोललेला माणूस लेकीला धडधडीत थाप मारत होता! आणि ती थाप पकडली जाणार होती, कारण हेच पान तिला तिकडे लॅपटॉपवर दिसतं. तिची बोटं कीबोर्डवर वाजलेली ऐकू आली. हे चष्म्याची दांडी चावत बसले.

"कसलं हाय, पप्पा?" तिचा आवाज जरा ओला झाला होता.

"ते… फोटोंचं असंल. नुसतं इंग्लिश हाय. दाबू काय?"

"नका, नका दाबू. येवढं मोठं फोनवर न्हाय व्हायचं. मी शनिवारी येते, समोर बसून करू."

"सुट्टी हाय काय तुला?"

"घेते."

फोन ठेवून हे माझ्याकडे वळले. "शनिवारी प्राप्ती येते. वेबसाइटचं मोठं काम निघालंय. कोळणीला जिताडा सांगून ठेवतो."

"व्हय," मी डोळे पुसत म्हटलं. "चांगला मोठा बघून सांगा."