वरच्या मजल्याची अनामत

गुरुवारी दुपारी मासान बंदराच्या मासळीबाजारातल्या बायका हात साबणाने दोनदोनदा धुऊन बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर जायच्या. तिथे प्यो साहेब त्यांना पैसा शिकवायचे. 'सुखाच्या म्हातारपणासाठी संपत्तीचं नियोजन' असा फलक भिंतीवर लावलेला होता. तो वाचताना बांग मालसूनला दर वेळी शाळेत आल्यासारखं वाटायचं. तिची शाळा चौथीतच सुटली होती. त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी समोर फळा, हातात पेन्सिल आणि "शाबास" म्हणणारा मास्तर मिळाल्यावर ती हरखून गेली, यात नवल नव्हतं. नवल याचं, की वाळवलेल्या आग्वी माशाच्या भावावरून गिऱ्हाइकाचा जीव नकोसा करणारी ही बाई त्या वर्गात शिरली की अगदी गरीब गाय व्हायची.

प्यो साहेब चाळिशीचे, बँकेत उपव्यवस्थापक. कधी वरून बोलायचे नाहीत. बाईच्या खुर्चीशेजारी चक्क गुडघा टेकायचे आणि "आई" म्हणून सुरुवात करायचे. बँकेत सगळ्याच म्हाताऱ्यांना आई म्हणतात, हे काय मालसूनला ठाऊक नव्हतं? पण उल्सानला राहणारा तिचा पोटचा पोरगा महिन्यातून एकदा फोन करायचा, तोही गाडी चालवता चालवता. कान उपाशी असले की कुणाचंही 'आई' गोड लागतं.

"सांगा बरं आई, मुदत ठेवीत पैसा काय करतो?"

"झोपतो!" मालसून पहिल्या रांगेतून ओरडायची.

"आणि झोपलेल्या पैशाला महागाई काय करते?"

"कुरतडते!"

"बघा! कॉलेजात शिकलेल्यांना जमत नाही, ते आमच्या आईंना जमतं."

महिन्याभरात त्यांनी तिला वर्गप्रमुख केलं, छातीला लावायला बिल्ला दिला. ती बाजारातही तो काढेना. शेजारच्या फळीवर कालवं सोलणारी हाडोंगवाली, म्हणजे हाडोंगहून लग्न होऊन आलेली, म्हणून सगळ्यांची हाडोंगवाली, तिने एकदा सुरी खाली ठेवून तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"अगं, बँकेत नोकरी लागली की काय तुला? पगार किती?"

"तू बस पोस्टात पैसे पुरून. जग कुठे चाललंय ठाऊक नाही तुला."

"जग कुठे का जाईना. माझे पैसे कुठे जातात तेवढं ठाऊक असलं की झालं मला."

पुढच्या गुरुवारी प्यो साहेबांनी सगळ्यांना आपापली संपत्ती कागदावर चितारायला सांगितली. मालसूनने टेकडीवरचं आपलं जुनं घर काढलं, अंगणात मासे वाळवायचे बांबू काढले, खाली स्वतःला काढलं आणि वरच्या मजल्यावर तीन माणसं काढली. साहेबांचं बोट नेमकं वरच्या मजल्यावर येऊन थांबलं.

"हे कोण, आई?"

"भाडेकरू. मिर्यंग, तिचा नवरा आणि लेक. भाडं नाही घेत मी. अनामत घेतलीय एकरकमी, बारा कोटी वॉन."

"आणि ती कुठेय?"

"कुठे असणार? तुमच्याच बँकेत. ठेवीत."

साहेबांनी कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तशी मान हलवली. "बारा कोटी. नुसते पडून."

"ते माझे नाहीत हो, साहेब. मिर्यंग जायला निघाली की तिच्या हातात ठेवायचे, वॉनन्वॉन."

"म्हणूनच तर! परत करायचे तेवढे करालच. मधल्या काळात जे पिकेल, ते मात्र तुमचं. सगळं मासान हेच करतं, आई."

हे मात्र खरं होतं. त्या देशात लोक दुसऱ्याची अनामत गुंतवूनच घरं बांधतात, पोरांची लग्नं करतात आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. बारा कोटी ठेवीत झोपवून ठेवणारी मालसूनच बाजारात वेडी ठरली असती.

योजना साहेबांनी फळ्यावर काढून दाखवली. तीन परक्या देशांचे शेअर बाजार, तीन रेघा. दर सहा महिन्यांनी तपासणी. तिन्ही रेघा फारशा खाली आल्या नसल्या की पैसे व्याजासकट परत. नाहीतर पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं, जास्तीत जास्त तीन वर्षं. शेवटी एखादी रेघ अर्ध्याच्या खाली गेलेली असली, तर जितकी ती गेली तितकं आपलंही गेलं.

मालसूनने बराच वेळ त्या रेघांकडे पाहिलं आणि मग आयुष्यातला सर्वांत शहाणा प्रश्न विचारला.

"साहेब, योजना तीन वर्षांची. मिर्यंगचा करार दोन वर्षांत संपतो. मध्येच अडकलं तर तिला देऊ काय?"

"शाबास!" साहेबांनी टाळी वाजवली. "अख्ख्या शाखेत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ऐकलंत का सगळ्यांनी? याला म्हणतात नियोजन!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालसूनचे कान लाल झाले. टाळ्यांच्या आवाजात प्रश्न तसाच राहिला, आणि दुसऱ्यांदा विचारायला तिला संकोच वाटला. तरी निघताना जिन्यात तिने हळूच विषय काढलाच. साहेब हसले. "आई, कित्येक वर्षं पहिल्याच तपासणीत पैसे परत मिळतायत. अडकायला एखादा अख्खा देश आडवा व्हायला हवा. देश असे आडवे होतात का?"

तीही हसली. लढाईत एक अख्खा देश आडवा होताना तिच्या आईने पाठीवर पोर बांधून पाहिला होता. ते तिला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. पण साहेबांसमोर तो विषय काढणं तिला गावंढळ वाटलं.

सही करायच्या दिवशी खोलीत एक यंत्र होतं. समजावून सांगितलेलं सगळं आवाजात नोंदवायचं, असा कायदाच होता. साहेबांनी आधी तालीम घेतली. "यंत्राला 'बहुतेक' कळत नाही, आई. 'असेल' म्हटलंत की सगळं पहिल्यापासून. मी विचारलं की खणखणीत 'हो' म्हणायचं."

मग ते असे झरझर वाचू लागले, जसे भटजींनी शेवटच्या मुहूर्ताला मंत्र उरकावेत. "मूळ रकमेत तूट येऊ शकते, हे समजलं का?" "हो!" "असा धोका पत्करायची तुमची तयारी आहे का?" "हो!" शेवटी शेवटी तर प्रश्न संपायच्या आत तिचं 'हो' तयार असायचं. धोका ऐकला, समजून घेतला, अशी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहायची होती. ती तिने जीभ दातांत धरून, इतक्या वळणदार अक्षरात लिहिली की साहेबांनी ती शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही दाखवली. घरी जाताना हातात बँकेने भेट दिलेल्या तेलाच्या दोन बाटल्या आणि ट्यूना माशाच्या डब्यांचा संच होता. मासळी विकणारीला डब्यातला मासा! हाडोंगवाली पोट धरधरून हसली.

आणि सहा महिन्यांनी पैसे आले की हो! व्याजासकट, बोलल्याप्रमाणे. मालसूनने अंगणात बांबूंच्या जागी लोखंडी मांडणी करून घेतली आणि त्यानंतर तिची जीभ काही थांबेना. बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर, जो भेटेल त्याला ती झोपलेला पैसा समजावून सांगू लागली. मिर्यंग वृद्धाश्रमात सेवेच्या कामाला होती. ती दमून भागून जिना चढू लागली की तिलाही पायरीवर बसवून घ्यायची.

"बचत कुठे ठेवतेस गं?"

"पगाराच्याच खात्यात, मावशी. कुठे ठेवणार?"

"अरे देवा! तरणीताठी पोर तू, आणि पैसा म्हाताऱ्यासारखा झोपवून ठेवलायस?"

मिर्यंग हसायची. कुणाचं मन मोडणं तिला जमायचंच नाही.

बारा कोटी मालसूनने पुन्हा त्याच योजनेत घातले. या वेळी साहेबांना काही समजावून सांगावंच लागलं नाही. यंत्रासमोर ती एकटीच घडाघडा बोलली.

हिवाळ्याच्या सुरुवातीला फोनवर संदेश आला. तपासणीत अट पूर्ण झाली नाही, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तीनपैकी एक रेघ वाकली होती. तिने साहेबांना फोन लावला. "थांबायचं, आई. घाबरून विकतात ते बुडतात," साहेब म्हणाले. आवाज तोच होता, फक्त फोन लवकर ठेवला. पुढच्या महिन्यात लावला तेव्हा ते बैठकीत होते. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली होती. बँकेत दर दोन-तीन वर्षांनी बदल्या होतच असतात, त्यात कुणाचा दोष म्हणायचा? नवे साहेब गुरुवारचा वर्ग घेत नसत. मालसून एकदा दुसऱ्या मजल्यावर डोकावून आली. फलक उतरवलेला होता, खोलीत खोकी रचली होती.

त्यानंतर तिचा सगळा दिवस त्या रेघेवर चालू लागला. मासा चिरताना, मीठ लावताना, जेवताना ती रेघ डोळ्यांसमोर. दूरच्या कुठल्याशा देशात कुणी शिंकलं तरी हिचा घास अडकायचा. बाजारातल्या ज्या बायकांना तिने ओढून ओढून वर्गाला नेलं होतं, त्या आता तिच्या फळीवरून जाताना गप्प व्हायच्या. भांडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं.

दुसरी तपासणीही कोरडी गेली, आणि त्याच आठवड्यात मिर्यंग जिना उतरून नाचतच आली.

"मावशी, सोडतीत घर लागलं आम्हाला! जिनहेला, नवीन इमारतीत. इथला करार संपला की लगेच ताबा. फक्त उरलेली रक्कम त्या दिवशी भरायची, नाहीतर घरही जाईल आणि भरलेला हप्ताही."

"अगं बाई," मालसून म्हणाली आणि तिने तिला जवळ घेतलं. चेहरा दिसू नये म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने तिला आई म्हटलं नाही, "ग्राहक" म्हटलं. मुलगी उद्धट नव्हती. तिने शांतपणे सगळं बघून सांगितलं, की आज मोडलंत तर निम्मे मिळतील, जेमतेम. दोन वर्षं थांबलात तर किती मिळतील ते कुणीच सांगू शकत नाही.

"पण मला हे असं कुणी सांगितलंच नव्हतं गं."

मुलीने नाइलाजाने नोंदवलेला आवाज लावला. मालसूनने स्वतःला ऐकलं. 'हो! हो! हो!' कसली उत्साही, कसली हुशार बाई होती ती! मालसूनला तिच्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. बँकेने घरावर कर्ज देणं नाकारलं. या वयात फेडणार कशातून, असं त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्याला नवा भाडेकरू मिळेना, कारण टेकडी चढायला कुणी तयार नव्हतं. पोराला फोन केला, तर त्याच्याच धंद्याचे वांधे होते. अनामतीचं ऐकून त्याने "आई, काय केलंस हे" एवढंच म्हटलं आणि बराच वेळ गाडीचा आवाज येत राहिला.

शेवटी ती हाडोंगवालीच्या फळीशी जाऊन उभी राहिली. टोमणा आता येईल, मग येईल, म्हणून वाट पाहिली. हाडोंगवालीने मान वर केली नाही.

"मिर्यंगला सांगितलंस?"

"नाही."

"आजच्या आज सांग. रडेल, ओरडेल, पण वेळेत कळलं तर हातपाय तरी मारेल. बापाकडे जाईल, पतपेढीकडे जाईल. शेवटच्या दिवशी सांगितलंस तर तू तिला मारलंस म्हणून समज."

"पुढच्या तपासणीत जर..."

"मालसून!"

तेव्हा कुठे ती घरी निघाली. टेकडी चढताना तिने वाक्य जुळवलं. निम्मे आत्ता देते, उरलेले घर विकून देते, घर कधी विकलं जाईल ते ठाऊक नाही. आपण चोर नाही, हे कसं सांगायचं ते मात्र तिला जुळवता येईना. निम्मे तरी मिर्यंगच्या हातात पडतील, त्यांची थोडीफार बचत असेलच, दोन्ही मिळून बहुतेक भागेल, एवढाच काय तो तिला आधार होता.

अंगणात मिर्यंग तिचीच वाट पाहत उभी होती. मांडणीवर आग्वी तोंडं वासून लटकत होते. मालसूनने बोलायला तोंड उघडलं, पण मिर्यंगच आधी बोलली.

"मावशी, एक सांगायचंय. रागावणार नाही ना?"

"मी? मी कशाला रागावू?"

"तुम्ही पायरीवर सांगायचात ना, पैसा झोपवू नकोस म्हणून. मी गेल्या वर्षी आमची सगळी बचत त्या योजनेत घातली. प्यो साहेबांना तुमचं नाव सांगितलं, तर त्यांनी लगेच खुर्ची दिली." ती कसनुसं हसली. "आता निम्मीच दिसतेय. नवऱ्याला सांगायची हिंमत नाही झाली अजून. तुम्हालाही सांगणार नव्हते, उगाच मनाला लावून घ्याल म्हणून."

मालसून मांडणीवरचा एक मासा उगाच सरळ करू लागली.

"पण तुम्ही नका काळजी करू, मावशी. मी सगळा हिशोब करून बघितलाय. अनामत आहे ना तुमच्याकडे, तेवढ्यात नेमकं भागतंय. खरं सांगू? तेवढ्या एका गोष्टीवर रात्री झोप लागते मला."

वाऱ्याने मासे हलले.

"मिर्यंग," ती म्हणाली, "बस जरा."

मिर्यंग पालथ्या खोक्यावर बसली, आणि नुसतं कशाला बसायचं म्हणून तिने टोपलीतला एक मासा काढून मांडणीला टांगायला घेतला.