बोटावर बोट

फौजदाराने चिखलाने माखलेली खाकी पिशवी शिलाईच्या मशीनवर आपटली.

"ही तूच शिवलीस ना?"

साराने टाक्यावरूनच ओळखली. लष्करी कँपातल्या पिस्तुलांच्या मॅगझिनसाठी, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीसाठी, असल्या शेकडो पिशव्या लढाईच्या वर्षांत तिने केडगावच्या याच ओसरीवर शिवल्या होत्या.

"व्हय. माझीच."

"रुळाकडेच्या चरात सापडली. पिस्तूल तुझ्या नवऱ्यानेच पळवलं. कबूल कर."

तिचा नवरा आमोस सकाळपासून पोलीस ठाण्यात होता. कँपाच्या शस्त्रकोठारातली जुनी पिस्तुलं त्याच्या ताब्यात असत.

"कोठाराची मोजदाद तरी होऊ द्या, साहेब."

"तिला आठवडा लागेल. गोऱ्या साहेबाला चोर आज हवाय."

दारात शेजारची छबूअक्का साराचं लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिचा नवरा गोरक्षनाथही कोठारातच कामाला. सारा तापाने पडली तेव्हा पंधरा दिवस छबूअक्कानेच या लेकराला अंगावर पाजलं होतं.

"लेकुरवाळी हाय ती," छबूअक्का म्हणाली. "जरा सबुरीनं घ्या की."

"तुला कुणी विचारलं?"

साराने पिशवीत बोटं घातली. मग बोटावर बोट चढवून पुन्हा घातली. तरी मावली.

"ही जुन्या पिस्तुलाची न्हाई, साहेब."

फौजदार हसला. "आता बायका पिस्तुलं शिकवणार आम्हाला!"

"पिस्तुलातलं न्हाई कळत. पिशवीतलं कळतं. जुन्याच्या सात गोळ्या शेंगेतल्या दाण्यांगत एकाखाली एक. मॅगझिन चपटं. त्याच्या पिशवीत बोटावर बोट मावत न्हाई."

ताडून पाहायला आणलेलं जुनं मॅगझिन फौजदाराने खिशातून काढलं, पिशवीत सोडलं, पिशवी उलटी केली. मॅगझिन खडकन मशीनवर पडलं. त्याचं हसू गेलं.

"मग ही कशाची?"

"नव्या पिस्तुलाची. त्यात कणसागत दोन ओळी, तेरा गोळ्या. मॅगझिन जाड, मूठबी जाड." साराचा आवाज चढला. सकाळपासून गिळलेलं सगळं त्यात होतं. "सोडा आमच्या ह्यांना! नवी पिस्तुलं त्यांच्याकडं न्हाईतच. ती गोरक्षनाथ..."

ती थांबली. फौजदार थांबला नाही.

"गोरक्षनाथ. कुठं राहतो?"

साराने मान खाली घातली.

"हितंच," दारातून छबूअक्का म्हणाली. "शेजारी."

फौजदाराने पिशवी उचलली. "तुझा नवरा संध्याकाळपर्यंत येईल," असं साराला सांगून तो ओसरी उतरला. बूट शेजारच्या दाराशी वाजले. कडी वाजली.

"अक्का, मी मुद्दाम न्हाई..."

"लेकरू भुकेलंय," छबूअक्का म्हणाली. "घे."

साराने हात पुढे केले. लेकराने छबूअक्काच्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरली होती, सोडेना. शेजारून गोरक्षनाथाचा आवाज चढला, मग एकदम बंद झाला. छबूअक्काने तिकडे पाहिलं नाही. ती लेकराची मूठ सोडवत राहिली. एकेक बोट, अलगद, दुखणार नाही असं.