बादलीच्या तळाशी राहिलेली पावडर

मी बोलतेय, सत्तावीस वर्षांची घोडी. म्हातारी म्हणा, चालेल. बिचारी म्हणालात तर तोंड फिरवीन.

जन्म याच तबेल्यातला. चौथ्या वर्षी पाठीवर खोगीर चढलं ते बाविसाव्या वर्षी उतरलं. घोड्यावर बसायला शिकणारी कितीतरी पोरं माझ्या पाठीवर रडली, हसली. एकालाही मी पाडलं नाही. एकाला पाडायला हवं होतं, कान ओढायचा मेला. पण राहून गेलं.

मग गुडघे सुजायला लागले. सकाळची पहिली दहा पावलं म्हणजे नको तो जीव. मालकिणीचा भाऊ म्हणाला, "हिला आता कशाला पोसतेस? पाय गेले की घोडा गेला."

"दादा, तू तुझं बघ. माझी दोन्ही मुलं हिच्याच पाठीवर शिकलीत."

डॉक्टरांनी सांध्यांची पावडर दिली आणि तीन महिन्यांची मुदत. तेवढ्यात चालायला लागली तर ठीक, नाहीतर कायमचं झोपवणारी सुई. हे सगळं माझ्यासमोर बोलले. माणसांना वाटतं, जनावराला कान माश्या हाकलायला दिलेत.

रोज सकाळी मालकीण स्वतः यायची. पावडरीचा चमचा बोटानं सपाट करायची, कोरड्या भरड्यात मिसळायची आणि मी तोंड घालेपर्यंत उभी राहायची. इथे माझं चुकलं. माझ्या मागच्या दाढेला सुरीसारखी धार आली होती. चावलं की गाल कापायचा. पण रडगाणं गायला मला कधी जमलं नाही. ती उभी असेपर्यंत मी तोंड बादलीतच ठेवायचे, घास तोंडात धरून नुसते ओठ हलवायचे. ती समाधानानं गेली की तोंडातला बोळा खाली टाकायचे. पावडर तळाशी जाऊन बसायची.

आणि या तबेल्यात अन्न टाकायचं नाही, असा दंडक. मोतद्दारमामा घोड्यांची निगा राखणारा, तीस वर्षांपासूनचा जुना माणूस. माझं उष्टं उचलायचा आणि शेजारच्या तरण्या घोड्यापुढे ओतायचा. "घे रे, आजीनं ठेवलंय तुला."

तीन महिन्यांनी डॉक्टर आले. माझ्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"पावडर रोज पोटात जाते?"

"माझ्या हातानं घालते. खाताना बघते मी."

"मग अंगावर मांस का नाही? आणि हा शेजारचा बघा कसा चकाकतोय."

मामानं टोपी काढली. "साहेब, हिचं उरलेलं यालाच जातं."

"किती उरतं?"

"अर्धी बादली. कधी जास्त."

डॉक्टरांनी माझा जबडा उघडून आत बॅटरी मारली. गालाला आतून जखम होऊन खड्डा पडला होता.

"मामा, सांगायचं नाही का हो?" मालकीण म्हणाली.

"बाई, मला वाटलं, म्हातारीची भूक कमी झाली. माझीपण झालीय."

तिनं त्याला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तिथेच गवतावर बसली. "मी पाय बघत राहिले. तोंड बघितलंच नाही."

दाढ कानशीनं घासली. भरडा गरम पाण्यात भिजून मऊ येऊ लागला. बारा दिवस मी बादली चाटूनपुसून खाल्ली. पण हाडं धरून ठेवणारं मांस बारा दिवसांत येत नाही. काल मी पडले. चार माणसांनी दोर लावून उठवलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडली तर फार हाल होतील, उद्या सुई घेऊन येतो. या वेळी मालकीण भांडली नाही.

तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, दोन पायांचं किंवा चार पायांचं, तर पुढ्यात ठेवून निघून जाऊ नका. किती उरलं ते बघा. आणि म्हाताऱ्यांनो, दुखतंय ते सांगत जा. माझा ताठा मला नडला.

डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आलीय. मालकीण माझ्या मानेला मिठी मारून उभी आहे. तिला वाटतंय, ती मला आधार देतेय. तिचं सगळं वजन माझ्यावर आहे. मी चारही पाय रोवून उभी आहे. हलले तर ती पडेल.