मिलमागचं गरम पाणी

ब्रह्मपुरीच्या बाहेर, वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुणवंतरावांची धानाची मिल आहे. गुणवंतरावांना जाऊन बरीच वर्षं झाली. मिल आता त्यांचा धाकटा भाऊ धनराज आणि त्याची बायको साधना बघतात. तरी लोक अजून गुणवंतरावांचीच मिल म्हणतात, आणि हे गिरजाबाईला फार गोड लागायचं. ती गुणवंतरावांची बायको.

मिलमध्ये उसना तांदूळ होतो. धान भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. वाफ बॉयलरची, आणि बॉयलरच्या पोटात सरपण म्हणून धानाचंच तूस. वाळवणीच्या यंत्रातून फिरून आलेली वाफ निवून तिचं पाणी व्हायचं. ते कढत, स्वच्छ पाणी मागच्या भिंतीतल्या पाइपातून बाहेरच्या पाटात पडायचं आणि पाटातून नाल्याला जाऊन मिळायचं.

गिरजा नवी नवरी असताना तिनं पहिल्यांदा त्या धारेखाली बादली लावली होती. गुणवंतराव हसले होते. वाहूनच जातं, कोणाच्या तरी कामी येऊ दे, असं म्हणाले होते. तेव्हापासून हिवाळ्याच्या सकाळी मिलमागे बायांची रीघ लागायची. ढिवर मोहल्ल्यातल्या बाया बोडीच्या तळ्यावरून मासोळी घेऊन यायच्या, तेव्हा त्यांची बोटं थंडीनं लाकूड झालेली असायची. त्या आधी पाटात हात बुडवून डोळे मिटायच्या, मग बोलायच्या. गावात कोणाचं बाळंतपण झालं की पहिलं पाणी मिलमागून जायचं. पाइपाशेजारी सिमेंटची एक पायरी होती. तिच्यावर गिरजाबाई बसायची. कोणाची बादली आधी लागेल हे ती ठरवायची. लेकुरवाळीची आधी, भांडकुदळ बाईची शेवटी. कोणाची सून रुसली, कोणाच्या मुलीला पोंभुर्ण्याचं स्थळ आलं, सगळं त्या पायरीपाशी यायचं. किती लग्नं तिथल्या वाफेत ठरली, ते गिरजाबाईलाच ठाऊक.

साधना या घरात आली ती कॉलेज शिकून. धनराजचं लक्ष धानाच्या खरेदीत, म्हणून मिलचा कारभार हळूहळू तिच्याकडे आला. गिरजाबाईनं त्याबद्दल कधी वाईट मानलं नाही. मिल साधनाची, पायरी आपली, असा तिच्या मनातला हिशेब होता.

मग एकदा साधनानं चंद्रपूरहून दामिनी नावाची इंजिनियर पोरगी बोलावली. मिलमध्ये सरपण आणि वीज कुठे वाया जाते ते शोधायला. तिच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ते रोखलं की पाइपावर लाल ठिपका पडायचा आणि पाइप किती तापला आहे ते कळायचं. फिरत फिरत ती मागे आली. पायरीवर बसलेल्या गिरजाबाईच्या डोक्यावरून तिनं तो ठिपका पाइपावर मारला आणि साधनाला म्हणाली, "मॅडम, हे पाणी नाही, तुमचं तूसच नाल्यात चाललं आहे."

पुढच्या हंगामाच्या आत सगळं बदललं. वाफेच्या उघड्या पाइपांना जाड पट्ट्या गुंडाळून वर पत्रा चढवला. गरम पाणी एका टाकीत जमा होऊन पंपानं परत बॉयलरमध्ये जाऊ लागलं. पाणी आधीच तापलेलं, म्हणून बॉयलरला तूस कितीतरी कमी लागू लागलं. आवारात तुसाचा ढीग वाढला आणि वीटभट्टीवाले तो न्यायला येऊ लागले. कुरखेड्याचे मिलवाले पाहायला आले. साधना त्यांना टाकी दाखवायची, पंप दाखवायची, आणि ते मान डोलवायचे.

मागचा पाट कोरडा पडला.

पहिले काही दिवस बाया सवयीनं आल्या. रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या राहिल्या, आणि गेल्या. मग यायच्या बंद झाल्या. गिरजाबाई तरी पायरीवर बसायची. पायरीसुद्धा आता गार लागायची. एके दिवशी बाजारात किराणेवाला तिला म्हणाला, "बाई, तुमच्या जावेनं मिलचं नाव काढलं." गिरजाबाईनं त्याच्याकडून त्या दिवशी काही घेतलं नाही. साधना समोर आली की ती तिच्याशी नीट बोलायची, जेवायला वाढायची. पण तुसाची आग वरून दिसत नाही, आत धुमसत राहते, तसं तिचं झालं होतं. साधनाची साडी, साधनाचा फोन, फोनवरचं साधनाचं हसणं, काही म्हणून तिला सोसवेना.

टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला भिंतीबाहेर एक चाकाचा वॉल्व्ह होता. बॉयलरवरचा रोशन पाइप धुताना तो उघडायचा. गिरजाबाईनं ते पाहून ठेवलं होतं. एका कडाक्याच्या सकाळी तिनं पदर गुंडाळून ते चाक फिरवलं. भळभळ धार पडली. वाफ तिच्या तोंडावर आली, तेव्हा तिला नवरीपणाचा वास आल्यासारखं झालं.

ढिवर मोहल्ल्यातल्या उर्वशीला तिनं निरोप धाडला. दोन-चार दिवसांत भल्या पहाटे पायरीभोवती पुन्हा बादल्या वाजू लागल्या; बाया गेल्या की गिरजाबाई चाक बंद करायची. पाणी पुन्हा कसं आलं, असं उर्वशीनं विचारलं तेव्हा गिरजाबाई एवढंच म्हणाली, "माह्या घरचं पाणी आहे. कोणाले विचाराचं काम नाई."

रात्रपाळीचं पाणी असं पाटात वाहून गेलेलं, म्हणून सकाळची शिफ्ट चालू व्हायची तेव्हा टाकी रिकामी असायची. बॉयलरला विहिरीचं गार पाणी द्यावं लागायचं आणि तो आधीसारखा तूस खायचा. साधनाला काही उमगेना. दामिनी पुन्हा आली, पंप खोलून गेली. पंप ठणठणीत होता. मग धनराजला शंका आली की रोशनच तूस परभारे विकत असावा. ओसरीवर त्यानं रोशनला फार बोलून घेतलं. रोशन खाली मान घालून उभा होता. गिरजाबाई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. त्याला कोणी काढून थोडंच टाकणार आहे, असं ती मनाशी म्हणाली, आणि खडे शोधत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती चाक फिरवून वळली, तर मागे साधना. अंगावर शाल, पायात काही नाही.

गिरजाबाईला वाटलं, आता ही ओरडेल, धनराजला बोलावेल. साधना पाटाकडे पाहत राहिली.

"आमी उगाच रोशनवर शंका घेतली, बाई," ती म्हणाली.

"मंग आता माह्यावर घे. धनराजले सांग, वहिनी चोर आहे म्हणून."

साधना पायरीपाशी आली. बसली नाही. "दामिनीनं तवाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "बायांसाठी एक लहान नळ काढून देता येते. थोड्याशा पाण्यानं काही बिघडत नाई. मीच नको म्हणलं."

"काऊन?"

साधनानं मिलला लागून असलेल्या घराच्या वरच्या खिडकीकडे बोट केलं. ती तिच्या खोलीची खिडकी. "या घरात आली तवापासून तिथून पाहून राह्यली. तुमी बसत, बाया बसत, हसत. मले तुमी एक दिवस म्हटलं नाई, साधना, इथी ये, बस. मले वाटलं, पाणीच नसलं तर पाहाचंच नाई. पाट सुकल्यावर खिडकी लावूनच घेतली, ते आज उघडली."

गिरजाबाईनं खिडकीकडे पाहिलं. इतकी वर्षं ती इथं बसली, पण मान वर करून तिकडे कधी पाहिलं नव्हतं. तिला जावेची कीव यायला हवी होती. ती आली नाही. उलट आत कुठेतरी बरं वाटलं. कॉलेज शिकलेली, मिल चालवणारी बाई आपल्या या फुटक्या पायरीवर जळत होती.

तिनं चाक फिरवून धार बारीक केली. "रोशनले मी सांगतो," ती म्हणाली. "तू नळ बसव. चावी माह्यापाशी राहीन."

"राहू द्या."

"आन पायरीवर जागा माही."

"मी बाजूनं बसतो."

गिरजाबाई थोडी सरकली. फार नाही. साधना टेकली, तोवर उर्वशी बादली घेऊन आलीच. धाकट्या मालकीणबाईला तिथं पाहून ती आधी दचकली. मग हात धारेखाली धरून उभी राहिली आणि बोटं सुटल्यावर हळूच म्हणाली, "साधनाबाई, माह्या पोरीले बारावीनंतर काय शिकवू? तुमी शिकलेल्या आहा."

साधना सांगू लागली. उर्वशी बादली विसरून तिच्यासमोर उकिडवी बसली. मागून आलेल्या बायाही तिकडेच वळल्या. गिरजाबाईनं एक-दोनदा खाकरून पाहिलं. मग तिनं उर्वशीची बादली धारेखालून ओढून बाजूला ठेवली. अर्धीच भरली होती.

"भरली," ती म्हणाली. "चला, पुढची."